डिझाइन कोणाकडे, बांधकाम कोणाकडे: स्वयंपुनर्विकासाच्या करारातील जबाबदारीची वाटणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या उपनगरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने विकासकाकडे न जाता स्वतःच पुनर्विकास करण्याचे ठरवले आहे. खाली स्टिल्ट पार्किंग, वर बारा मजले, आणि सभासदांची घरे वगळून उरलेल्या सदनिका विकून खर्च भागवायचा, अशी योजना आहे. व्यवस्थापक समितीपुढे दोन प्रस्ताव आले आहेत. पहिल्यानुसार संस्थेने वास्तुविशारद आणि आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचे डिझाइन करणारा इंजिनिअर) स्वतः नेमायचे, त्यांच्या नकाशांवर आयटम रेटच्या, म्हणजे प्रत्येक बाबीचा वेगळा दर सांगणाऱ्या, निविदा मागवायच्या आणि कंत्राटदाराने नकाशाप्रमाणे बांधून द्यायचे. दुसऱ्यानुसार एकच कंपनी नकाशांपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत सगळे एका ठोक रकमेत करून देणार आहे. समितीला दुसरा प्रस्ताव अधिक सुरक्षित वाटतो, कारण उद्या काही बिघडले तर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याचा प्रश्नच उरणार नाही.

माझे उत्तर असे आहे की दोन्हींपैकी कोणताही प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारू नये. ज्या भागाचा परिणाम ताबा घेताना चाचणी करून पाहता येतो, त्याचे डिझाइन कंत्राटदाराकडे सोपवण्यास हरकत नाही. ज्या भागाचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनी दिसतो, त्याचे डिझाइन संस्थेने स्वतः नेमलेल्या आणि संस्थेलाच उत्तरदायी असलेल्या माणसाकडे ठेवावे. हे मी का म्हणतो ते आता सविस्तर सांगतो, कारण कारण पटल्याशिवाय सर्वसाधारण सभेत हा मुद्दा टिकणार नाही.

महाराष्ट्राच्या सरकारी कामांत या दोन्ही पद्धती फार पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. सार्वजनिक बांधकाम विभागाचा बी-1 नमुना टक्केवारी दराचा, बी-2 आयटम रेटचा आणि सी नमुना एकरकमी कामाचा. इमारती बहुतेक पहिल्या दोन नमुन्यांत होतात, तर उंच जलकुंभ आणि पूल यांच्यासाठी कंत्राटदाराच्या स्वतःच्या डिझाइनवर एकरकमी निविदा मागवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. जलकुंभाबाबत ही पद्धत का चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. टाकीची क्षमता लिटरमध्ये सांगता येते, स्टेजिंगची, म्हणजे टाकीखालच्या खांबांच्या सांगाड्याची, उंची मीटरमध्ये सांगता येते, आणि काम संपल्यावर टाकी भरून ती गळते की नाही हे सगळ्यांना दिसते. निविदेत चार-पाच गोष्टी नेमक्या लिहिल्या की बाकीचे कंत्राटदारावर सोडता येते. खांब सहा घ्यायचे की आठ, हे त्याने ठरवले तरी मालकाचे, म्हणजे काम करवून घेणाऱ्याचे, बिघडत नाही. राहत्या इमारतीची अशी भरून पाहण्याची चाचणी नसते. कॉलममधील सळईवर काँक्रीटचे आवरण किती आहे, हे ताबा घेताना डोळ्यांना दिसत नाही आणि ते कमी असेल तर सळई गंजून प्लास्टर सुटायला अनेक पावसाळे जावे लागतात. तोवर कंत्राटदाराची अनामत परत गेलेली असते.

आता पहिली, म्हणजे रूढ पद्धत पाहू. तिच्यात जबाबदारीचे दोन वेगळे प्रकार असतात आणि समित्यांचा घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. वास्तुविशारद किंवा आरसीसी कन्सल्टंट हा व्यावसायिक आहे. त्याने वाजवी कौशल्य आणि काळजी वापरली पाहिजे, एवढीच कायद्याची त्याच्याकडून सर्वसाधारण अपेक्षा असते. त्याच्या क्षेत्रातील दुसऱ्या सक्षम व्यावसायिकाने तेच केले असते असे त्याला दाखवता आले, तर केवळ परिणाम वाईट झाला म्हणून तो दोषी ठरत नाही. कंत्राटदाराची जबाबदारी वेगळ्या जातीची असते. नकाशात 16 मिलिमीटरची सळई दाखवली असेल तर 16 मिलिमीटरचीच पडली पाहिजे. तिथे ‘मी काळजी घेतली होती’ हे उत्तर चालत नाही. मात्र नकाशाच चुकला असेल तर नकाशाप्रमाणे बांधणारा कंत्राटदार सामान्यतः मोकळा होतो, कारण त्याच्या दृष्टीने नकाशा म्हणजे मालकाचा शब्द असतो. म्हणजे डिझाइनमध्ये अशी चूक निघाली की जिच्यात कन्सल्टंटची हयगय सिद्ध होत नाही, तर तिचा खर्च कोणाच्याच अंगावर जात नाही. तो संस्थेच्या अंगावर राहतो. रूढ पद्धतीतील ही पोकळी खरी आहे आणि समितीला ती जाणवली, यात समितीचे काही चुकलेले नाही.

याच पद्धतीत मालकावर आणखी एक ओझे असते, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. नकाशे वेळेवर देणे ही मालकाची जबाबदारी असते. आरसीसी कन्सल्टंटने बांधकामासाठीचे अंतिम ड्रॉइंग उशिरा दिले, सेंटरिंग लावून झाले आणि बीमच्या तपशिलासाठी सळईवाले बसून राहिले, तर कंत्राटदार मुदतवाढ मागतो आणि बसून राहिलेल्या माणसांचे, यंत्रांचे पैसेही मागतो. ही मागणी बहुतेक वेळा रास्त असते. कन्सल्टंटच्या नेमणूकपत्रात ड्रॉइंग देण्याचे वेळापत्रक नसेल, तर हे पैसे त्याच्याकडून वसूल करणे संस्थेला फार अवघड जाते. म्हणून कंत्राटदाराच्या करारातील कामाचा कार्यक्रम आणि कन्सल्टंटच्या नेमणूकपत्रातील ड्रॉइंगचा कार्यक्रम एकमेकांशी जुळवून मगच दोन्हींवर सही करावी.

देखरेखीबद्दलही एक गैरसमज सर्रास आढळतो. ‘आर्किटेक्ट आहेत ना साइटवर’ असे सभासद म्हणतात. वास्तुविशारदाच्या नेहमीच्या नेमणुकीत ठरावीक अंतराने साइटला भेट देणे येते; रोजची देखरेख येत नाही. रोज सळई मोजणारा, स्लॅब भरताना चाचणीसाठी काँक्रीटचे क्यूब (ठोकळे) काढून घेणारा साइट इंजिनिअर वेगळा नेमावा लागतो आणि त्याचा पगार वेगळा द्यावा लागतो. पुनर्विकासासाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79(अ)खाली 4 जुलै 2019 रोजी जे निर्देश निघाले, त्यांत प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार (पीएमसी) नेमण्याची प्रक्रिया दिलेली आहे, त्यामुळे पीएमसी आली की सगळे आले असे समित्यांना वाटते. पीएमसीचे नेमणूकपत्र उघडून पाहावे. समन्वय, बिलांची तपासणी आणि अहवाल हे तिचे काम म्हणून लिहिलेले असते, आणि त्याच पत्रात पुढे, डिझाइनच्या अचूकतेची आणि कामाच्या दर्जाची जबाबदारी आपली नाही असेही एक वाक्य पुष्कळदा असते. ते वाक्य तसेच राहू द्यायचे असेल तर ती जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे आहे, हे समितीला नावानिशी सांगता आले पाहिजे.

रूढ पद्धतीत कंत्राटदार ‘फक्त बांधतो’ हेही पूर्ण खरे नाही. सेंटरिंग आणि शटरिंगचा आधार किती अंतरावर, हे तो ठरवतो. खोदकामाच्या कडेला शेजारच्या इमारतीची भिंत असेल तर शोअरिंग (कडा ढासळू नये म्हणून द्यायचा आधार) कसे करायचे, हे बहुधा तो ठरवतो. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एम-20 या दर्जाच्या वरचे काँक्रीट डिझाइन मिक्सचेच, म्हणजे घटकांचे प्रमाण हिशेबाने ठरवलेलेच, लागते, आणि ते मिक्स तो किंवा त्याचा आरएमसी (तयार काँक्रीट) पुरवठादार ठरवतो. लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, यांत्रिक पार्किंग, पोस्ट-टेन्शन (ताणलेल्या पोलादी केबलचा) स्लॅब असेल तर त्याच्या केबल, ही सगळी डिझाइन त्या त्या एजन्सीच करतात. म्हणजे ज्याला आपण केवळ बांधकामाचा करार म्हणतो त्याच्या पोटात डिझाइनचे डझनभर तुकडे असतात, आणि त्यांच्याबद्दल करारात ओळही नसते.

या तुकड्यांच्या सांध्यावर काय होऊ शकते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे आहे. 17 जुलै 1981 रोजी तेथील हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीवरून जाणारे दोन टांगते पूल कोसळले आणि 114 माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे पूल एकाखाली एक होते. मूळ रचनेत छतापासून निघालेली एकच लांब सळई चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बीममधून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याचा पूल धरणार होती. एवढी लांब सळई आटे पाडून बसवणे गैरसोयीचे, म्हणून फॅब्रिकेटरच्या (पोलादी भाग तयार करणाऱ्याच्या) शॉप ड्रॉइंगमध्ये, म्हणजे ते भाग बनवण्यासाठी त्याने काढलेल्या नकाशात, एका सळईच्या दोन झाल्या: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत आणि दुसरी चौथ्या मजल्याच्या बीमपासून खाली. वरवर पाहता हा किरकोळ बदल होता. पण त्यामुळे खालच्या पुलाचा सगळा भार चौथ्या मजल्याच्या बीमवर लटकला आणि तिथल्या नटाखाली येणारा भार दुप्पट झाला. मूळ जोडसुद्धा शहराच्या नियमांना लागणाऱ्या ताकदीपेक्षा बराच कमी होता, हे नंतरच्या तपासात आढळले. शॉप ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा तपासल्याचा शिक्का होता. जोडाचा हिशेब फॅब्रिकेटर करील असे इंजिनिअरने धरले, इंजिनिअरने केला आहे असे फॅब्रिकेटरने धरले, आणि प्रत्यक्षात तो कोणीच केला नाही. शेवटी जबाबदार इंजिनिअरांचे मिझुरी राज्यातील परवाने रद्द झाले. शॉप ड्रॉइंगवर ‘फक्त सर्वसाधारण जुळणीसाठी तपासले’ असा शिक्का मारून मोकळे होणारे कन्सल्टंट आजही आहेत. तो शिक्का करारात मान्य करायचा असेल, तर हिशेब कोणी करायचा हेही त्याच करारात लिहिले पाहिजे.

एवढी मोठी दुर्घटना आपल्या इमारतीत होणार नाही, असे वाचकांना वाटेल. म्हणून घरातले उदाहरण घेतो: संडास-बाथरूमचा संक स्लॅब, म्हणजे पाइपांसाठी बाकीच्या जमिनीपेक्षा खाली उतरवलेला स्लॅब. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून खालच्या घराच्या छतावर ओल उतरते आणि पुढची अनेक वर्षे दोन सभासदांत भांडण चालते. या एका फुटाच्या खोलीत किती जणांचे निर्णय गोळा झालेले असतात ते पाहा. स्लॅब किती खाली उतरवायचा हे आरसीसी ड्रॉइंगमध्ये ठरते. पाइपांचा उतार आणि नहाणी ट्रॅपची जागा प्लंबिंग कन्सल्टंट ठरवतो. पाइप बीममधून नेण्यासाठी स्लीव्ह (नळकांडे) आधी ठेवायची की नंतर कोअर मारायचा (भोक पाडायचे), हे साइटवर ठरते. ब्रिकबॅट कोबा करायचा की रासायनिक लेप, हे वास्तुविशारदाच्या स्पेसिफिकेशनमध्ये असते. वॉटरप्रूफिंगवाला त्यावर काम करून स्टॅम्प पेपरवर दहा वर्षांची हमी देतो. त्याचे काम झाल्यावर पाणी भरून ठेवून चाचणी होते आणि ती पास होते. त्यानंतर प्लंबर येऊन एका सांध्याची जागा बदलतो, टाइलवाला भिंतीत झिरी पाडतो, आणि लेप फाटतो. ओल आली की वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, माझ्या कामानंतर इतरांनी हात लावला. तांत्रिकदृष्ट्या तो खरे बोलत असतो. इथे हमीची मुदत दहाची पंधरा वर्षे करून काही मिळत नाही. स्लीव्ह, लेप, पाइप आणि टाइल हे चारही टप्पे एकाच एजन्सीच्या नावावर ठेवले, एक चाचणी लेपानंतर आणि दुसरी टाइल बसल्यावर घेतली, आणि दुसरी पास झाल्यावरच त्या बाथरूमचे पैसे दिले, तर भांडणाला जागा उरत नाही. करारात एवढे चारच वाक्यांत लिहिता येते.

आता दुसरा प्रस्ताव. डिझाइन आणि बांधकाम एकाच हाती देण्याच्या पद्धतीला आपल्याकडे टर्नकी किंवा ईपीसी म्हणतात. आंतरराष्ट्रीय सल्लागार अभियंत्यांच्या फिडिक या संघटनेने 1999 मध्ये जे नमुना करार काढले आणि 2017 मध्ये सुधारले, त्यांत हा फरक रंगांवरून ओळखतात. लाल पुस्तकात डिझाइन मालकाचे, पिवळ्यात कंत्राटदाराचे, आणि रुपेरीत डिझाइनसकट जवळजवळ सगळीच जोखीम कंत्राटदाराची. जमिनीखाली अनपेक्षित काही निघाले, समजा बोअरच्या (जमीन तपासण्यासाठी घेतलेल्या छिद्रांच्या) अहवालात न आलेली जुनी बुजवलेली विहीर निघाली, तर लाल आणि पिवळ्या पुस्तकांत कंत्राटदाराला वेळ आणि पैसे मागता येतात. रुपेरीत येत नाहीत. संस्थेपुढे आलेल्या प्रस्तावाच्या मसुद्यात ‘टर्नकी’ हा शब्द ठळक अक्षरांत असेल, पण पुढच्या पानांवर ‘जमिनीच्या परिस्थितीमुळे होणारा जादा खर्च मालकाचा’ असे कलम आहे का, हे आधी पाहावे. असे कलम असेल तर शीर्षकाला फारसा अर्थ उरत नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा मसुद्यांत ते बहुधा असते.

या पद्धतीचा खरा फायदा एकाच वाक्यावर अवलंबून आहे: पूर्ण झालेली इमारत ठरलेल्या हेतूला योग्य असेल, अशी कंत्राटदाराची हमी. ही हमी नुसत्या काळजीच्या कर्तव्यापेक्षा कितीतरी कडक असते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एमटी होयगार विरुद्ध ई.ऑन या खटल्यात तिची कड दाखवून दिली. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामधील सॉल्वे फर्थ या खाडीत पवनचक्क्यांचे पाये कंत्राटदाराच्या डिझाइनने बांधले होते. ज्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे डिझाइन करायला करारात सांगितले होते, त्या मानकातील एका समीकरणातच चूक होती आणि त्यामुळे ग्राउटच्या (फटीत भरलेल्या पातळ सिमेंट मिश्रणाच्या) जोडाची ताकद सुमारे दहापट जास्त धरली गेली. जोड सरकू लागले. कंत्राटदाराने मानक तंतोतंत पाळले होते, त्याची हयगय नव्हती. पण तांत्रिक अटींच्या एका परिच्छेदात, पाया 20 वर्षे टिकेल असे डिझाइन करावे, असे लिहिले होते. तेवढ्यावरून 2 कोटी 62 लाख 50 हजार युरोंचा दुरुस्ती खर्च कंत्राटदाराच्या माथी बसला. इंग्लंडचे निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाहीत, पण बांधकाम करारांच्या वादांत ते आदराने वाचले जातात. परिणामाची हमी असेल तर ती मानकाच्या वर जाते, हे या निकालातून घेण्यासारखे आहे.

मग हे वाक्य लिहून घेतले की झाले, असे वाटेल. दोन अडचणी आहेत. पहिली विम्याची. व्यावसायिक दायित्वाचा विमा हा हयगयीसाठी असतो. परिणामाची हमी बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. बांधकाम सुरू असताना कंत्राटदार जो सर्वजोखीम विमा काढतो, त्याच्या नेहमीच्या मसुद्यात सदोष डिझाइनमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. त्यामुळे हमी कागदावर कितीही कडक असली, तरी तिच्यामागे पैसा कंपनीच्या स्वतःच्या खिशाएवढाच असतो. एका प्रकल्पापुरती काढलेली छोटी कंपनी असेल, तर त्या खिशात पाच वर्षांनी काय असेल हे समितीने स्वतःला विचारावे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. परिणामाची हमी वापरायची तर परिणाम आधी नेमका लिहावा लागतो. ठोक रकमेत डिझाइन करणारी कंपनी, नियमात बसेल असे सर्वांत स्वस्त डिझाइन करणार, आणि यात तिचा अप्रामाणिकपणा नाही. तिने त्याच आधारावर भाव दिलेला असतो. आयएस 456 मध्ये इमारत कोणत्या वातावरणात उभी आहे, यावरून काँक्रीटचा दर्जा आणि आवरण ठरते. मध्यम वातावरण धरले तर एम-25 आणि 30 मिलिमीटर आवरण. तीव्र धरले तर एम-30 आणि 45 मिलिमीटर. समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघडे असलेले काँक्रीट त्या तक्त्यात तीव्र वातावरणात येते. खाडीपासून काही अंतरावरची, प्लास्टर असलेली इमारत कोणत्या वर्गात घालायची, यावर दोन प्रामाणिक इंजिनिअरांची दोन मते होऊ शकतात. ठोक रकमेच्या करारात हा निर्णय तोच इंजिनिअर घेतो, ज्याची फी कंत्राटदार देतो. बारा मजल्यांच्या प्रत्येक बीममध्ये एक दर्जा आणि पंधरा मिलिमीटर यांचा फरक म्हणजे मोठी रक्कम. आणि त्या फरकाचा परिणाम सभासदांच्या पुढच्या पिढीला दिसणार. म्हणून मी म्हणतो की सांगाड्याचे डिझाइन संस्थेच्या माणसाकडे राहावे. एवढे करूनही टर्नकीच स्वीकारायचे असेल, तर वातावरणाचा वर्ग, काँक्रीटचा दर्जा, आवरण, सळईचा प्रकार आणि स्लॅबची किमान जाडी हे सगळे मालकाच्या अपेक्षांच्या दस्तऐवजात आकड्यांनी लिहावे. ‘उत्तम दर्जाचे’ आणि ‘नामांकित कंपनीचे’ हे शब्द लवादापुढे काहीच सिद्ध करत नाहीत.

कायदा काय करू देतो आणि काय नाही, हेही इथेच पाहिले पाहिजे. महापालिकेपुढे नकाशांवर सही करणारा वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची वैधानिक जबाबदारी त्यांची स्वतःची असते. ठोक करारात कंपनीने ‘सगळे आमच्याकडे’ म्हटल्याने ती सरकत नाही, आणि सही करणारा माणूस मध्येच सोडून गेला तर काम थांबते. याहून महत्त्वाचे रेराचे आहे. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास), अधिनियमातील प्रवर्तकाच्या (प्रकल्प उभारून सदनिका देणाऱ्याच्या) व्याख्येत, सदनिका बांधणारी प्राथमिक सहकारी गृहनिर्माण संस्थाही येते. बाहेरच्यांना सदनिका विकल्या की त्या खरेदीदारांच्या दृष्टीने आपली संस्थाच प्रवर्तक होते. कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत रचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणला गेला, तर प्रवर्तकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. डिझाइन चुकले की बांधकाम, याच्याशी खरेदीदाराला कर्तव्य नाही. त्याच्यासाठी दार एकच.

आता समितीसमोरचे दोन्ही मसुदे उघडून दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम संपल्यावर निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, पाहावा. आपल्याकडच्या बहुसंख्य छापील करारांत तो 12 महिन्यांचा असतो. म्हणजे उरलेली 4 वर्षे संस्था खरेदीदारांना बांधील, आणि कंत्राटदार संस्थेला नाही. ही फट दोन्ही प्रस्तावांत सारखीच आहे, आणि माझ्या मते ती डिझाइन कोणी करावे या प्रश्नापेक्षाही आधी बुजवली पाहिजे. करारभंगाच्या भरपाईसाठी मुदत कायद्याने 3 वर्षे दिलेली आहेत आणि ती भंग झाल्यापासून मोजली जातात, दोष सापडल्यापासून नव्हे. त्यामुळे काम पूर्ण झाल्यावर चौथ्या वर्षी सापडलेल्या दोषासाठी दावा करताना पहिला आक्षेप मुदतीचाच येतो. उपाय सरळ आहे. अखेरचा ताबा दिल्यापासून 5 वर्षे, डिझाइनचा असो वा कामाचा, दोष कळवताच ठरावीक दिवसांत दुरुस्त करण्याचे स्वतंत्र वचन कंत्राटदाराकडून घ्यावे, म्हणजे दुरुस्ती नाकारणे हाच नवा करारभंग ठरतो. त्याच्यामागे काही टक्के रकमेची बँक गॅरंटी तेवढी वर्षे जिवंत ठेवावी. दरवर्षी ती थोडी थोडी कमी करत गेल्यास कंत्राटदारही मान्य करतात. कन्सल्टंटच्या नेमणूकपत्रातही तेवढीच मुदत आणि त्याचा विमा तेवढी वर्षे चालू ठेवण्याची अट असावी. हा विमा, दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीच्या पॉलिसीवर चालतो. डिझाइन केले त्या वर्षीची जुनी पॉलिसी उपयोगाची नसते.

माझी शिफारस आता नेमकी करता येईल. वास्तुविशारद, आरसीसी कन्सल्टंट आणि भूस्तर तपासणारी एजन्सी हे सगळे गृहनिर्माण संस्थेने स्वतः नेमावेत. भूस्तर तपासणीत कंजुषी करू नये. दोन-तीन बोअर वाढवण्याचा खर्च पायाच्या एका वादापेक्षा नगण्य असतो. आरसीसी डिझाइनची तपासणी दुसऱ्या स्वतंत्र इंजिनिअरकडून करून घ्यावी आणि त्याची नेमणूक काम सुरू होण्याआधी व्हावी, कारण पाया भरून झाल्यावर आलेली सूचना अमलात येत नाही. लिफ्ट, अग्निशमन, पंप, यांत्रिक पार्किंग, सांडपाणी प्रक्रिया, खिडक्या आणि शोअरिंग यांचे डिझाइन त्या त्या एजन्सीकडे, पण मुख्य कंत्राटदाराच्या छत्राखाली आणि परिणामाच्या हमीसह द्यावे, कारण यांची चाचणी हस्तांतरावेळी किंवा काम सुरू असतानाच घेता येते. बाथरूम आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे वर सांगितलेच आहे.

करारासोबत एक तक्ता जोडावा. डाव्या बाजूला पायापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत इमारतीचा प्रत्येक भाग, आणि त्याच्यापुढे चार रकाने: डिझाइन कोणाचे, तपासणी कोणाची, बांधकाम कोणाचे, चाचणी कोणासमोर. एकाही रकान्यात दोन नावे नसावीत आणि एकही रकाना रिकामा नसावा. हा तक्ता करारातील कागदपत्रांच्या अग्रक्रमात वरच्या जागी हवा. नाहीतर शेवटच्या परिशिष्टात तो पडून राहतो आणि छापील अटी त्याच्यावर मात करतात. तक्ता भरायला बसल्यावर, खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधील फटीचे सीलिंग कोणाचे, असे प्रश्न निघतात. पाऊस आडवा आला की पाणी नेमके तिथूनच आत येते, आणि कराराच्या वेळी त्याचे नाव कोणी घेतलेले नसते.

तक्ता मान्य झाल्यावर समितीने त्यात मोडता घालू नये, हेही सांगणे भाग आहे. कंत्राटदाराकडे डिझाइन दिलेल्या यंत्रणेत समितीतील एखाद्या सभासदाने ‘हाच पंप घ्या, माझ्या ओळखीचा डीलर आहे’ म्हणून आग्रह धरला, तर त्या पंपाच्या परिणामाची हमी त्या क्षणी सैल होते. निर्णय ज्याने घेतला त्याच्याकडे जबाबदारी सरकते, हे कोणत्याही लवादापुढे पटवता येते. मालकाला बदल हवा असेल तर तो लेखी मागावा, आणि या बदलामुळे आपली हमी कायम राहते की नाही, याचे कंत्राटदाराचे उत्तरही अमलापूर्वी लेखी घ्यावे.

पुढच्या बैठकीला दोन्ही निविदाकारांना बोलावून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कोरा तक्ता त्यांच्या समजुतीप्रमाणे भरून, कलम 14(3) च्या पाच वर्षांसाठी ते कोणते वचन आणि कोणती बँक गॅरंटी देतील त्याचा मसुदा, आणि डिझाइन करणाऱ्याच्या विमा पॉलिसीची प्रत, वगळलेल्या गोष्टींच्या पानांसह. टर्नकीवाल्या कंपनीने यावर स्पष्ट उत्तरे दिली आणि सांगाड्याच्या डिझाइनवर संस्थेचा स्वतंत्र तपासनीस मान्य केला, तर तिच्याशी बोलणी पुढे नेण्यास माझी हरकत नाही. दर कमी करायला ती तयार झाली पण ही पाने द्यायला टाळाटाळ करू लागली, तर तो प्रस्ताव तिथेच थांबवावा.